एक उजनी, आठ लाख डोकी

उजनी धरणाच्या काठच्या माणसाला टीएमसी समजावून सांगावा लागत नाही. जुलै उजाडला की भिगवण, पळसदेव, इंदापूरच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न "उजनी किती?" हाच असतो आणि उत्तर टक्क्यांत येतं. उणे चाळीस. उणे दहा. शून्य. मग एकदम साठ, नव्वद, एकशे दहा! शंभराच्या वर दहा टक्के कुठून आले, हे मुंबईच्या पाहुण्याला कळत नाही. इथल्या शाळकरी पोराला कळतं. मृतसाठा ६३.६६ टीएमसी, त्याच्यावर उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, मिळून ११७ आणि वर थोडं. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे; तो पूर्ण भरला की शंभर. त्यावरही पाणी चढवून धरता येतं, ते एकशे दहा.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये २,८३२ कोटी. असे ११७ आणि वरचं थोडं. आले ३ लाख ३२ हजार कोटी लिटर. इथेच डोळे पांढरे होतात, पण थांबायचं नाही, अजून बारीक दळू. औषधाच्या ड्रॉपरने एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब पडतात. म्हणजे लिटरचे वीस हजार. तर मग भरलेल्या उजनीचे थेंब किती? ६६४ कोटी कोटी. कोटी दोनदा लिहिलंय, छपाईची चूक नाही. ६६४ वर चौदा शून्यं!

हा आकडा खिशात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण आजचा विषय पाण्याचा नाही, डोक्याचा आहे.

कवटीतल्या त्या सव्वा-दीड किलोच्या ऐवजात चेतापेशी किती? पूर्वी पुस्तकं ठोकून द्यायची, दहा हजार कोटी. कुणी मोजल्या होत्या? कुणीच नाही. मग ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल या बाईंनी मोजायचंच ठरवलं. मेंदू घेतला, साबणासारख्या द्रावणात घोटून त्याचं चक्क सूप केलं, ढवळून एकजीव केलं आणि थोड्या सुपातली पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून गुणाकार केला. २००९ साली आकडा छापून आला: सरासरी ८,६०० कोटी. एका फटक्यात १,४०० कोटी कमी झाल्या! पण उरल्या त्या तर बघा.

एक पेशी म्हणजे ज्वारीचा एक दाणा समजू. मालदांडी शाळूच्या हजार दाण्यांचं वजन ३३ ग्रॅमच्या आसपास भरतं. तर ८,६०० कोटी दाणे म्हणजे २८ हजार क्विंटलच्या वर. क्विंटलाचं एक पोतं धरलं तर २८ हजार पोती! बारामतीच्या स्टेशनात मालगाडी आणून लावली आणि डब्याला साठ टन भरले, तर ४७ डबे गच्च होतात आणि अठ्ठेचाळिसाव्याचं दार उघडावं लागतं. ही ज्वारी पिकवायला जिरायतीत एकरी पाच क्विंटलच्या उताऱ्याने पावणेसहा हजार एकर लागतील. सेकंदाला एक दाणा या वेगाने मोजायला बसलात तर २,७०० वर्षं उठता येणार नाही. आणि एवढं सगळं एका डोक्यात. तुमच्या, माझ्या, आणि समोरच्या बाकावर पेंगणाऱ्या त्या बाप्याच्यासुद्धा.

हे झाले दाणे. दाण्या-दाण्याचे धागे अजून राहिलेत. एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते आणि एका मेंदूतल्या जोडण्यांचा ठोकळ अंदाज १ कोटी कोटी असा सांगतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या मोजपट्टीवर एकावर चौदा शून्यं म्हणजे जलधी. तिच्या टोकाला, परार्धाला, पोचायला अजून तीनच शून्यं लागतात. प्रत्येक जोडणीवर एक रुपया ठेवत जा. शंभर लाख कोटी रुपये लागले. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे अख्ख्या देशाचा दोन वर्षांचा खर्च, रेल्वे, संरक्षण, खतावरचं अनुदान, सगळं धरून, एका टोपीखाली.

आता तो खिशातला आकडा काढा.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके. २०११ च्या जनगणनेत दोन्हींची मिळून लोकसंख्या ८ लाख १२ हजारांच्या आसपास होती. डोकी ८ लाख १२ हजार, दर डोई ८,६०० कोटी पेशी. गुणाकार करा. ६९८ कोटी कोटी! आणि भरलेल्या उजनीचे थेंब किती होते? ६६४ कोटी कोटी. धरण कमी पडलं! बरं, एकशे दहा टक्के भरू द्या. मग साठा होतो साधारण १२२.६ टीएमसी आणि थेंब होतात ६९४ कोटी कोटी. तरीही चार कोटी कोटी कमीच. म्हणजे दौंडपासून सांडव्यापर्यंत पसरलेलं ते सगळं पाणी, ज्याच्या काठाला रोहित पक्षी उतरतात, ज्याच्या पोटात पळसदेवचं जुनं देऊळ बुडालंय, ज्याच्यासाठी दोन जिल्हे भांडतात, त्याचा थेंब न् थेंब मोजला तरी या दोन तालुक्यांतल्या लोकांच्या डोक्यातल्या पेशींना पुरत नाही. आणि २०११ नंतर जन्मलेली पोरं आपण धरलेलीच नाहीत.

एवढा कारखाना चालतो कशावर? वीस वॅटवर. विहिरीवरची पाच एचपीची मोटार घ्या. तिच्या पाच एचपीत १८६ मेंदू चालतील. दिवसाचा हिशेब केला तर मेंदूला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. आठ रुपये युनिट धरा, दिवसाचे चार रुपये होत नाहीत. पाणी मात्र, म्हणजे रक्त, हा गडी सढळ हाताने पितो. मिनिटाला पाऊण लिटर. दिवसाला हजार लिटरच्या वर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रोज एकदा पूर्ण रिकामी! तीस फूट व्यासाची आणि चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरली तर त्यात आठ लाख लिटर मावतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात एका मेंदूतून अशा चौतीस विहिरी वाहून जातात. चौतीस विहिरींत आपल्याकडे एखादं गाव ओलिताखाली येईल.

वायरिंगचं तर विचारूच नका. डेन्मार्कच्या संशोधकांनी मेंदूतल्या पांढऱ्या भागातल्या चेतातंतूंची लांबी काढली. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत ती १ लाख ७६ हजार किलोमीटर भरली. पृथ्वीला चार वेढे घालून उरेल. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर ११७३ खेपा. रोज सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी परत यायचं म्हटलं, तर हा धागा संपायला एक वर्ष सात महिने लागतील, तेही खंडाळ्याच्या घाटात एकदाही गाडी न अडकता. त्या धाग्यांतून निरोप धावतात, शरीरातल्या सगळ्यात चपळ तंतूंचा वेग सेकंदाला १२० मीटर. मुंबई-पुणे २१ मिनिटांत! आणि सगळ्यात संथ तंतूंचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा. एकाच शरीरात शिवनेरी बसही धावते आणि वारीही चालते.

आता पारावर चला. दोन म्हातारे बोलत बसलेत. एकाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. मधला वेळ किती? जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं, २००९ साली निकाल आला. सरासरी एक पंचमांश सेकंद, म्हणजे पापणी लवायलाही कमी पडेल एवढा. पण गंमत पुढेच आहे. डोक्यातून एक साधा शब्द शोधून जिभेवर आणायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग उत्तर इतक्या लवकर येतं कसं? कारण समोरचा बोलत असतानाच आपलं वाक्य आत रचून तयार असतं. त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून गडी आधीच दारात उभा! ग्रामसभेत तर दार उघडायचीही वाट बघत नाहीत, ते वेगळं.

इथे कुणीतरी म्हणेल, मेंदूचं कौतुक पुरे, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आलीय. आलीय खरी, आणि बारामतीतच आलीय. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसाच्या फडात तिचा प्रयोग मांडला. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वर उपग्रह, आणि पाणी कधी सोडायचं, खत किती टाकायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. पण आपण आज आकड्यांना बांधलेले आहोत, तर या यंत्रांचे आकडेही तोलून बघू.

२०२० साली जीपीटी-३ नावाचं भाषेचं यंत्र आलं. त्याच्यात १७,५०० कोटी पॅरामीटर, म्हणजे आत फिरवायच्या तेवढ्या खुंट्या. ऐकून छाती दडपते ना? मेंदूतल्या जोडण्या त्याच्या ५७० पट आहेत. त्याला शिकवायला वीज किती लागली? संशोधकांचा अंदाज १२ लाख ८७ हजार युनिट. तेवढ्या विजेवर एक मेंदू ७,३०० वर्षं चालेल! पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उकरून काढलेली शेतकऱ्यांची वस्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्या माणसांच्याही दुप्पट मागे जाऊन एखाद्या डोक्याला स्विच लावला असता, तर तो दिवा आत्ता कुठे विझायला आला असता.

आणि मजकूर? त्या यंत्राला शिकताना सुमारे ३०,००० कोटी शब्दतुकडे खाऊ घातले. आपल्या अंगणवाडीतल्या पोरीच्या कानावर दिवसाला दहा हजार शब्द पडतात असं धरू. आजी घरात असेल तर जास्तच. तिला ३०,००० कोटी शब्द ऐकायचे तर ८२ हजार वर्षं अंगणवाडीत बसावं लागेल. ती सहा वर्षांत, दोन-सव्वादोन कोटी शब्दांवर, काम उरकते. ती तर आजोबांशी भांडूही लागते.

सहा वर्षांच्या मुलाला दहा हजारांच्या घरात शब्द कळतात, असं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून मानसशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रजीत शब्द एकदा शिकला की फारसं अंग मोडत नाही. मराठीत तसं चालत नाही. एक ऊस घ्या. ऊस, उसाला, उसाने, उसाचा, उसाची, उसाचं, उसाच्या, उसात, उसातून, उसातला, उसातली, उसावर, उसावरचा, उसापासून, उसासाठी, उसाशिवाय, उसाखालचं, उसाकडं. असे तीसेक मोड सहज निघतात. प्रत्येकाच्या शेपटाला वाटलं तर 'च' लावा, वाटलं तर 'ही' लावा. झाले नव्वद. दहा हजारांपैकी निम्मीच नामं धरली तरी साडेचार लाख रूपं झाली. पाटी नाही, पाढा नाही, व्याकरणाचा तास नाही, आणि ती पोरगी "उसातलाच कोल्हा" म्हणते, "उसाचातलाच" म्हणत नाही.

हे सगळं ऐकून मेंदूच्या नावाने फुगून जाल, तेवढ्यात एक टाचणी लावतो. मनाचं दार फार अरुंद आहे. अमेरिकेत कॅलटेकमधल्या जिएयु झेंग आणि मार्कुस माइस्टर यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. डोळे, कान, त्वचा, सगळ्या वाटांनी सेकंदाला सुमारे १०० कोटी बिट माहिती शरीर गोळा करतं. आणि विचार करून, ठरवून, बोलून, टाइप करून माणूस बाहेर काय काढतो? सेकंदाला दहा बिट. दहा! सेकंदाला दहा वेळा हो किंवा नाही म्हणण्याइतकं. दहा कोटींत एक! पाण्यात सांगू? भरलेली उजनी आत येते आणि बाहेर पडतात तीन टँकर. अकरा-अकरा हजार लिटरचे, मोजून तीन. बाकीचं सगळं धरण कुठे जिरतं, त्यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चाललेत.

लक्षात ठेवायचीही तीच रड. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितलं, माणूस एका वेळी सातेक गोष्टी मनात धरतो. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तेही चारावर आणलं. ८,६०० कोटी पेशींचा मालक, आणि हातात चार चिंचोके! दहा आकडी मोबाईल नंबर सांगताना आपण त्याचे तुकडे का पाडतो, ते यावरून कळावं.

या चार चिंचोक्यांत आणि तीन टँकरांत माणूस काय करून दाखवतो? त्यासाठी कुठे लांब जायला नको. कऱ्हेच्या काठावर बारामतीतच थांबू.

मोरोपंत पराडकर. जन्म १७२९, पन्हाळगडावर. बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले ते कायमचे. १७९४ मध्ये इथेच देह ठेवला. चाळीसेक वर्षं हा माणूस एका गावात बसून आर्या रचत होता. एकूण रचना किती, यावर मतं आहेत. कुणी साठ हजार धरतो, कुणी पंचाहत्तर हजार. आपण कंजूषपणा करू, साठ हजारच धरू. चाळीस वर्षांचे दिवस १४,६००. म्हणजे दिवसाला चार आर्या. सणाला चार, सुतकात चार, तापाने फणफणलेले असताना चार. एकट्या आर्याभारतात सतरा हजारांच्या आसपास. रामायणं तर १०८ रचली असं सांगतात. एक सांगून झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, कथा तीच आणि खेळ नवा. एक आर्या म्हणायला बारा सेकंद धरले, तर साठ हजार आर्या म्हणायला न थांबता, न जेवता आठ दिवस आणि आठ तास लागतील.

आता एकाच आर्येच्या आत शिरू. पंतांच्या बऱ्याचशा आर्या गीती जातीच्या, दोन ओळी, ओळीला तीस मात्रा, पद्याला साठ. साठ हजार पद्यांच्या ३६ लाख मात्रा, आणि त्यातली एकही ढळू द्यायची नाही! ओळीत चार-चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू. चार मात्रांचा गण लघु-गुरूंनी पाच तऱ्हांनी भरता येतो. पण विषम जागी त्यातली एक तऱ्हा चालत नाही, तिथे चारच. दुसऱ्या आणि चौथ्या जागी पाच. सहाव्या जागी फक्त दोन. करा गुणाकार: चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, मग पाच गुणिले पाच, मग दोन. एका ओळीचे साचे १२,८००. दोन ओळींचे? १६ कोटी ३८ लाख ४० हजार! दिवसाला चार या पंतांच्या वेगाने एकेका साच्यात एकच आर्या ओतायची म्हटलं तर १ लाख १२ हजार वर्षं लागतील. असल्या मोजणीची हौस आपल्याकडे जुनीच. मात्रांच्या मांडण्या मोजताना १, २, ३, ५, ८, १३ अशी जी मालिका निघते, तिला जग फिबोनाचीची म्हणतं. त्याचा ग्रंथ १२०२ चा, आणि त्याच्या पन्नासेक वर्षं आधी जैन पंडित हेमचंद्राने छंदांच्या हिशेबात ती मांडून ठेवली होती.

पण पंतांना सोळा कोटींच्या रानात फिरणंही सोपं वाटत असावं. त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिलं. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ लागू द्यायचा नाही. प, फ, ब, भ, म, सगळे बाद. आता मोठ्याने म्हणून बघा: राम. मिटले ओठ! नायकाचं नावच गेलं. लक्ष्मण गेला. भरत गेला. मारुती गेला, हनुमान म्हणावं तर तोही गेला. बिभीषण, कुंभकर्ण गेले. सीता राहिली, दशरथ राहिला, कैकेयी मात्र नेमकी टिकली. अशा उरल्यासुरल्या माणसांवर रामकथा सांगायची, आणि साठ मात्रा मोजूनही द्यायच्या.

हे चुकून होईल का? धरा की आपल्या बोलण्यात दर आठ अक्षरांत एक ओठांचं अक्षर येतं, आणि आर्येत चाळीस अक्षरं आहेत. तर एखादी आर्या चुकूनमाकून निरोष्ठ निघण्याची शक्यता दोनशेत एक. लॉटरीपेक्षा बरी. लागोपाठ दोन? चाळीस हजारांत एक. तीन? नव्वद लाखांत एक. लागोपाठ दहा निघण्याची शक्यता काढली, तर एकावर तेवीस शून्यांत एक! उजनीचे सगळे थेंब मोजायला सतरा आकडे पुरले होते. आणि हे पंतांनी चार चिंचोके मनात धरून, दिव्याच्या उजेडात, बोरूने केलं.

बरं, पंत राहू द्या. तुमची-माझी रोजची गद्य वाक्यं घेऊ, आणि शेवटचा डोंगर चढू. एक वाक्य अर्धवट सोडतो: "काल बारामतीच्या बाजारात मी..." पुढचा शब्द कुठला येईल? गेलो. गेले. भाजी. मावशीला. दोन. गूळ. उगीच. तुला. चपला. एकटाच. झाले की दहा! अजून हवे तेवढे सापडतील, पण दहाच धरू. जॉर्ज मिलरनीही पुढे अशाच चालीचा हिशेब मांडला होता. दर शब्दाला दहा वाटा. म्हणजे दोन शब्दांची वाक्यं शंभर, तीन शब्दांची हजार, आणि एकेक शब्द वाढला की दहापट. शिवाय मराठीत "मी काल बाजारात मावशीला बघितलं" या पाच शब्दांच्या १२० उलथापालथी होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा गावात चालून जातात. तो फायदा आपण सोडूनच दिला.

आता एक वाक्य म्हणजे एक लिटर पाणी. ओतायला सुरुवात करू.

बारा शब्दांची सगळी वाक्यं ओतली: एक लाख कोटी लिटर. उजनी तिसरा हिस्सा भरली, मृतसाठ्याच्याही खालीच. तेरा शब्द: तीन उजनी. चौदा: तीस. पंधरा शब्द: तीनशे उजनी. सोळा: तीन हजार. सतरा: तीस हजार. अठरा शब्द: तीन लाख उजनी!

इथे जरा दम खाऊ, कारण या वळणावर थोर मंडळी भेटणार आहेत. आजवर पृथ्वीवर जन्मलेली सगळी माणसं. लोकसंख्येचे अभ्यासक त्यांचा आकडा ११,७०० कोटी सांगतात. माणूस दिवसाला सोळा हजारांच्या आसपास शब्द बोलतो, हे २००७ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोतल्या विद्यार्थ्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं गेलं. (बायका जास्त बोलतात हा समज त्या मोजणीत टिकला नाही; बायका-पुरुष जवळपास सारखेच निघाले.) आठ शब्दांचं एक वाक्य धरा, दिवसाची दोन हजार. प्रत्येकाला तीस वर्षं बोलू द्या. डोक्यामागे २ कोटी १९ लाख वाक्यं. गुणिले ११,७०० कोटी. गुहेतल्या पहिल्या हाकेपासून आज सकाळच्या "चहा झाला का?" पर्यंत माणसं जे जे बोलली, सम्राट, साधू, सासवा, सुना, सगळ्यांचं मिळून पाणी भरतं ७ लाख ७१ हजार उजनी.

तीन लाख कधीच ओलांडले. एकोणीस शब्द: तीस लाख उजनी. संपली! अठरा आणि एकोणीस शब्दांच्या मधल्या पायरीवर अख्खी मानवजात संपली. एकही वाक्य दोनदा कुणी बोललं नाही असं धरूनसुद्धा. वीस शब्द: तीन कोटी उजनी. एकवीस शब्द: तीस कोटी. आणि पृथ्वीवरचे सगळे महासागर, हिंदी, प्रशांत, अटलांटिक, दोन्ही ध्रुवांकडचे, एकत्र केले तर ते भरतात ४० कोटी उजनी. बावीस शब्द: तीनशे कोटी उजनी. सगळे समुद्र साडेसात वेळा भरले, आणि ओतणं अजून चालूच आहे!

मासल्याला एक देतो. "अहो, सणसरच्या आत्याबाईंच्या धाकट्या सुनेने परवा निमगाव केतकीच्या बाजारातून आणलेली लाल मिरची यंदा अजिबात तिखट नाही असं सगळे म्हणत होते." मोजून वीस शब्द. हे वाक्य माझ्याआधी पृथ्वीतलावर कुणी उच्चारलेलं नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे, आणि तुम्हाला ते वाचताच कळलं. आता तुमचं एक वीस शब्दांचं करा, आणि घरात जो कुणी समोर असेल त्याला मोठ्याने ऐकवा.